हातोहात

सेन्दाई. आओबाच्या टेकडीवर रात्रीचे दोन.
बर्फ पडतंय, पण ते खिडकीबाहेर.
आत, हेलियमच्या पोटात, त्याहून कितीतरी खोल थंडी
आणि तिच्या तळाशी
तांदळाच्या दाण्याएवढा काळा स्फटिक.

मोनिवांनी तो वाढवला.
दिव्यांच्या भट्टीत, तासाला एक मिलिमीटर.
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं
तसे तीन दिवस काचेपाशी उभे.
दमट हवा सोसत नाही याला,
म्हणून कुपीत घालून, कोटाच्या आतल्या खिशातून
जिना उतरून स्वतः घेऊन आले.
"जपून," एवढंच म्हणाले चिसातोला.
निवृत्तीला त्यांच्या अकरा दिवस उरलेत.

आत काय आहे? तांब्याच्या अणूंची रांग.
प्रत्येकाची एक फिरकी
आणि शेजाऱ्याशी छत्तीसचा आकडा.
माझ्या भाषेत हे लिहून दाखवणं सोपं:

३६३६३६३६

(सोपं, म्हणजे थोडं खोटं.
एवढ्या थंडीतही ही रांग गोठत नाही,
तीन कोण, सहा कोण, तिचं तिलाच ठरवता येत नाही.)

आता एकालाच उलटा करा.

३६३३३६३६

चूक एक केली, दिसतात दोन.
दोन ठिकाणी तिनाला तीन खेटलेला.
आणि त्या दोघी एकत्र राहत नाहीत.

३६३३६३३६

एक इकडे निघते, एक तिकडे,
पदरात अर्धी अर्धी फिरकी घेऊन,
भांडण नाही, वाटणीपत्र नाही.
अणू जागचा हलत नाही.
विजेचा एक कणही वाहत नाही.
वाहतं ते नुसतं हे बिनसणं.

चिसातोने स्फटिकाचं एक टोक कोमट केलं.
माथ्यावर प्लॅटिनमचा पापुद्रा,
त्याला केसासारख्या दोन तारा.
बिनसणं त्याच्यापर्यंत पोचलं
तर तिथे विजेची कुजबुज व्हावी, काही नॅनोव्होल्टची.

झाली.
पण उणे.

साध्या चुंबकात, जिथे लाटा हे ओझं वाहतात,
तिथे हाच आकडा अधिक येतो.
तिने तारा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.
मोनिवांनी चष्मा कपाळावर सारून
एकेक टाका बोटाने चाचपला.
उणे.
स्फटिक काटकोनात फिरवून बसवला,
रांगा आडव्या गेल्या,
आणि कुजबुज थांबली.
पुन्हा उभा केला. पुन्हा उणे.

रॉकेलच्या शेगडीवर हात धरून मोनिवा म्हणाले,
"जमीन हलली त्या वर्षी
शाळेच्या अंगणात समुद्र आला होता.
आम्ही वर, चौथ्या मजल्यावर आणि गच्चीत.
पिण्याचं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत.
मग जिन्यात रांग. एका पायरीवर एक माणूस.
मी बाराव्या पायरीवर.
रात्रभर पायरी सोडली नाही,
किटल्या तेवढ्या हातोहात गेल्या.
कुणी भरल्या माहीत नाही, कुणी प्यालं माहीत नाही.
खालच्या बाईचे हात ओले होते,
वरच्या मुलाचे थंडगार. तेवढंच ओळखीचं."

चिसातोने विचारलं नाही काही.
तेव्हा ती नऊ वर्षांची, दूर अकितात,
तिच्या घरी फक्त दिवे गेले होते.

"सगळे विचारतात, किती किटल्या वर गेल्या.
रिकाम्याही खाली येतच होत्या ना?
भरलेल्या जेवढ्या, तेवढ्याच.
त्या कुणी मोजल्या नाहीत."

तिने वहीत आकडा लिहिला.
उणे चिन्ह आधी पेन्सिलने,
मग त्यावरून शाईने, जरा लांब.
खाली तारीख. मोनिवांचं नाव.
किटलीबद्दल काही नाही;
ते शास्त्र नाही, हे तिला कळतं.

हिरोसे नदीच्या बाजूने पहिली बस वर येत होती.
मोनिवांनी टेबलावरची कुपी उचलली,
आतून फुंकर मारून पाहिली,
बूच लावलं, आतल्या खिशात ठेवली
आणि रिकामी कुपी घेऊन
जिना चढून गेले.