पाठ क्रमांक सात

गोळीबार चौकाच्या मागे, महापालिकेच्या शाळेत
पाचवीच्या शेवटच्या बाकावर
मी बसले आहे गुडघे दुमडून.
बाक दहा वर्षांच्या मापाचा, मी चोपन्नची.
समोर कल्याणी हेडाऊ, छात्राध्यापिका,
पाठ क्रमांक सात, घटक अपूर्णांक.
साडीला चार ठिकाणी पिना,
टाचणवहीच्या कडेने लाल शाईची वेल.

मार्च सरत आलाय, सकाळची शाळा लागली,
तरी नऊलाच पत्रा तापून टिकटिकतो.
मांडीवर निरीक्षण तक्ता :
विषयप्रवेश, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, समारोप.
वीस वर्षं हे रकाने भरते आहे.
रकाने कधी कमी पडत नाहीत,
माणसंच थोडी थोडी बाहेर उरतात.

सुरुवात बरी झाली.
कागदाची भाकरी, तिचे दोन तुकडे, मग चार.
खडू कर्रकन वाजला, मुलं हसली, तीही हसली.
मग समीक्षा निमजे उभी राहिली,
दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली :
"बाई, पाव मोठा ना? चार तं दोनपेक्षा मोठे."

आणि कल्याणी थांबली.

टाचणवहीत हा प्रश्न नव्हता.
तिथे लिहिलं होतं, विद्यार्थी योग्य उत्तर देतील.

मी घड्याळ पाहिलं.
वर्गातली शांतता केवढी मोठ्याने वाजते
ते ज्याने शिकवलं त्यालाच ठाऊक.
आमच्या वेळी गायधने सर असेच मागे बसत,
आम्ही अडखळलो की खोकत.
खोकला आला की मी घाईघाईने उत्तर सांगायची,
फळा पुसायची, पुढच्या पानावर जायची.
सर गेले. खोकला माझ्याकडे राहिला.
आज सहाव्या सेकंदाला तो घशापर्यंत आला होता.
कसाबसा गिळला.

अकराव्या सेकंदाला खिडकीजवळचा हर्षल
जागेवरूनच ओरडला,
"काऊन बे समीक्षा! आलूबोंडा एकच हाय.
दोघात वाटला तं पोटाला लागते,
चौघात वाटला तं नुसतं तोंड खारट."

समीक्षाने बोटांवर काहीतरी मोजलं.
"हाव ना," म्हणाली, बसली,
आणि पुन्हा उठली : "मंग आठात?"

घंटा झाली.

नंतर अग्रसेन चौकात, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत
आम्ही एकात दोन चहा घेतला.
मी म्हटलं, अगं, काय थांबलीस तू!
कुठे वाचलंस? कुणी शिकवलं?
माझ्या आवाजात चढउतार पाचपैकी पाच.

तिने ग्लास दोन्ही हातांत धरला.
"मॅडम, खरं सांगू? काहीच सुचलं नव्हतं.
डोकं कोरं. मानेवरून घाम.
दाराकडे बघत होते, पळता येईल का म्हणून."

दिलेले गुण मी खोडले नाहीत.

मागच्या वर्षी मीही एक प्रशिक्षण पूर्ण केलं,
मोबाईलवर अठरा चित्रफिती, मेथी निवडता निवडता.
प्रमाणपत्र आलं, आडनावात चूक होती.
त्यात कुठेच नव्हतं
की डोकं कोरं झालं तर ते कोरं राहू द्यावं थोडा वेळ,
कुणीतरी मूल त्यावर लिहील.
की लिहिणारही नाही. त्याची हमी कोण देणार.

शनिवारी केंद्रशाळेत शिक्षण परिषद आहे.
मला 'आदर्श पाठ' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत.
तिला म्हटलं, तूही चल.
मी खोकल्याचं सांगते, तू घामाचं सांग.
ती हसली. मग एकदम गंभीर झाली :
"पण मॅडम, समीक्षाला उद्या काय सांगू? आठाचं?"

उत्तर जिभेवर होतं,
फळ्याच्या कोपऱ्यात काढायच्या आकृतीसकट.

मी रिकामा ग्लास खाली ठेवला.
डोक्यावरून मेट्रो गेली, पूर्ण गेली.
कल्याणी अजून माझ्याकडे बघत होती,
आणि मग हळूहळू
रस्त्यापलीकडच्या गाडीकडे बघू लागली,
जिथे कढईतून नुकताच एक घाणा निघत होता.