कोपऱ्यातला

निझवाहून निघालो तेव्हा इस्पितळातली रात्रपाळी
अजून माझ्या पापण्यांवर बसलेली.
खल्फान म्हणाला, झोप, घाट आला की उठवतो.
त्याचा घाट म्हणजे डांबर संपतं ती जागा.
तिथून पुढे गाडीचे नट आणि आपले दात
एकाच तालात वाजतात.

जबल शम्स. सूर्याचा डोंगर म्हणे.
वर थंडी अशी, की कॅमेऱ्याची बॅटरी
काखेत धरून बसले मी,
कोंबडी अंड्यावर बसते तशी.

कॅमेरा जुना. कायमचा गावी परतणाऱ्या
सोहारच्या एका मल्याळी वेल्डरने विकलेला.
आत त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचे अकरा फोटो
तसेच राहिले होते.
मी ते पुसलेले नाहीत.
का, ते विचारू नका.

कड्याच्या पोटातून वाट जाते.
एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काही नाही.
हजार मीटर काही नाही.
गिधाडं आपल्या खाली फिरतात.
जन्मात पहिल्यांदा मी गिधाडाची पाठ पाहिली,
पिवळट पांढरी, कडेला काळी,
बरेच दिवस धुवायला न टाकलेल्या चादरीसारखी.
तिचे चाळीस फोटो.
निळ्या सरड्याचे सहा, त्यातले पाच धूसर.
जुनिपरच्या पिळवटलेल्या खोडाचे मोजले नाहीत.
बकरीचा एकही नाही, कारण तिने
लेन्स पुसायचं फडकं ओढून गिळलं
आणि निवांत रवंथ करत उभी राहिली,
जसा काही तो तिचा टोलच.

पण मला हवा होता ताहर.
डोंगरी बकऱ्यांचा बुजरा भाऊबंद,
मागे वळलेली शिंगं, पायांवर केसांचे झुबके.
हा तिसरा शुक्रवार.
दोनदा त्याने हातावर तुरी दिल्या,
म्हणजे दिल्या असंही नाही,
तो आलाच नव्हता.

सोडून दिलेल्या दगडी वस्तीपाशी बसलो.
तीन तास डोळ्यांत तेल घालून
मी समोरचा कडा पाहिला.
कडा कड्यासारखाच राहिला.
शेवटी, अगदीच रिकामं जायला नको म्हणून
खल्फानचा एक फोटो काढला:
डोक्यावर नक्षीची टोपी, हातात कहव्याचा फिंजान,
आणि तो माझ्याकडे न बघता
जमिनीकडे बघून उगाच गालात हसतोय.

रात्री खोलीवर, कुकरची दुसरी शिट्टी झाल्यावर
तो फोटो मोठा केला. टोपीवरच्या नक्षीसाठी.
डावीकडे, वर,
ऊन संपून सावली लागते तिथे
दोन शिंगं.
शिंगांखाली तोंड.
तोंड आमच्याकडे.

खल्फानला फोन लावला.
हो, होता की, म्हणाला. बराच वेळ होता.
मग सांगितलं का नाहीस?
बोट दाखवलं असतं तर गेला असता.
आणि तू, डॉक्टर,
(मी डॉक्टर नाही, दहादा सांगून झालंय)
तू फार मोठ्याने बघतेस.

मग झोप कसली लागतेय.
एकेक जुना फोटो काढून कोपरे तपासत बसले.
मत्राहच्या धक्क्यावर माझ्यामागे
पोतं उचलताना थांबलेला कुणी.
आमच्या वॉर्डच्या निरोप समारंभात
दाराच्या फटीतून केक बघणारी सफाईची बाई.
तिचं नाव मला माहीत नाही,
चार वर्षं रोज भेटते.
आणि त्या अकरातल्या सातव्या फोटोत,
फुग्यांच्या मागे, कपाटाच्या आरशात
डोळ्याला कॅमेरा लावलेला वेल्डर,
अर्धाच.

ताहर मध्यभागी येईल असा
फोटो कापता आला असता.
नाही कापला.

डाळ करपली होती.
वरची वरची काढून खाल्ली.