पळालेली कॉफी

रॉड्रिग्ज बेटावर 'मारोन' म्हणजे
मालकाच्या हातून निसटलेला.
माणूस असो, बोकड असो, की झाड.

ही रानातली कॉफी, तीही मारोन.
खरं तर कुणाच्याच मळ्यात ती कधी नव्हती.
पळाली तर कुठून पळाली,
हे अकरा वर्षं तिची राखण करून
एदमों मिलाझारला कळलेलं नाही.

तीन कुंपणं आहेत तिला.
पहिलं बकऱ्यांसाठी, दुसरं लोकांसाठी,
तिसरं, पहिली दोन ओलांडतात त्यांच्यासाठी.
शनिवारी रात्री ढोल थांबला
की कुणाला तरी रम जास्त झालेली असते,
आणि कुणाची तरी बायको कात्री घेऊन येते.
दोन पानं उकळून प्यायली की डोकं उतरतं म्हणे.
एदमों खोकल्यावरून माणूस ओळखतो.
"ओर्तांस, घरी जा," म्हणतो अंधारात.
ती जाते. कधी कधी तो झोपलेलाही असतो.

झुडूप त्याच्या छातीला लागतं.
लहानपणी त्याची पानं वेगळीच होती,
सुतळीसारखी लांब, तपकिरी, मधोमध गुलाबी शीर.
आता रुंद, हिरवीगार, तुकतुकीत.
फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, येतच राहतात,
पण फळ धरत नाही.
"एकटीला कुठून धरणार?" क्लेलिया म्हणते,
आणि ओहोटीत भाल्याने टिपलेला ऑक्टोपस
पुन्हा दगडावर आपटते.
परदेशी बाई ब्रश घेऊन आली होती एकदा,
एका फुलातलं पीठ दुसऱ्याला लावत बसली
दुपारभर, टोपी न घालता.
काही झालं नाही. बाईंचं नाक मात्र सोललं.

मग फेब्रुवारीतलं ते वादळ.
पहाटे वारा पडला तसा एदमों चढ चढून गेला.
तिन्ही कुंपणं भुईसपाट,
तारेत अडकलेला कुणाचा तरी शर्ट, एक पत्रा,
आणि थेट खाली, खाजणापर्यंत, मोकळी वाट.
बकऱ्या आडव्या तारांपाशी उभ्या होत्या,
सवयीने, आत येत नव्हत्या.

झुडूप होतं. अर्धी पानं गेलेली,
एक फूल तसंच, ओलं.

त्याने मागे वळून पाहिलं.
कुणी नव्हतं.
"जा," तो हळूच म्हणाला. "आत्ता. जा."

जरा वेळ थांबला तिथेच.
बकऱ्यांना एक दगड मारला,
आणि पक्कड आणायला
घराकडे उतरू लागला.