कडू शेंग

गडहिंग्लजच्या बाजारात शेंगा फोडून बघताना
एक दाणा कडू निघाला.
"ढेकणानं चोखलीय," बाळव्वा म्हणाल्या. "टाका थुंकून."
मी थुंकले नाही. मला तोच हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानात, हिरण्यकेशीच्या अंगाला,
खुरप्यानं वीतभर माती उकरली.
मसुराच्या दाण्याएवढा, काळा, चकचकीत,
अंड्यांचा गोळा पोटाशी धरून बसला होता.
बसला नव्हे, बसली.
काडी लावली तर पळाली नाही.
गोळ्यावर अंग आडवं घातलं आणि असा वास सोडला
की बाळव्वांनी पदर नाकाला लावला:
"एवढीशी हाय, पर माज बघा!"

वहीत लिहिलं:
मादी. अंडी साठ-सत्तर.
मुंगी आली तर गोळा सोंडेनं उचलून हलवते.
फुटायची वेळ झाली की अख्खं अंग थरथरवते,
म्हणजे सगळी एकदम जागी होतात.
(मागे राहिलेल्याला आधीची खातात.)

थरथर लिहून पेन थांबलं.

इचलकरंजीत पत्र्याच्या शेडमध्ये आई कांड्या भरायची.
चोवीस मागांची खटखट फरशीतून चढायची
सुताच्या पोत्यावर निजलेल्या माझ्या दातांपर्यंत.
त्या हादऱ्यात मला गाढ झोप लागे.
लाइट गेली की जाग यायची.
शेड एकदम गप्प,
आणि अंधारात आईचा हात चाचपत यायचा,
तूस चिकटलेला,
माग बंद पडल्यावरही थोडा हलणारा.

मग डबा उघडायची. दीड भाकरी, लसणाची चटणी.
"तू खा. माझं झालंय."
कधी झालं, मी विचारलं नाही.

वहीतली पुढची ओळ:
मादी काही अंडी घालते ती फुटण्यासाठी नसतातच.
पिल्लांचं पहिलं जेवण.

"मग औषध कवा सोडू?" बाळव्वा उन्हात उभ्या होत्या.
पाच पोती शेंग त्यांची गेल्या साली कडू निघालेली.
मला उत्तर पाठ होतं, फेलोशिप त्याचीच मिळते.
"पिल्लं सुटायच्या आत," मी म्हटलं,
आणि उकरलेली माती पायानं सारखी केली,
का ते माहीत नाही.

एसटीत कागलपर्यंत बोटांचा वास गेला नाही.
आईचा फोन आला. जेवलीस का?
सकाळपासून पोटात चहाच होता.
म्हटलं, हो, झालंय माझं.