ऑर्डर, अठ्ठावीस मेची

बसा. पंख्याखाली नको, इकडे ओट्याजवळ.
तिथे बसलं की पिठीसाखर उडून डोक्यावर बसते,
उठाल तेव्हा साठीचे दिसाल.

तारीख सांगा आधी. केकचं मागून.
अठ्ठावीस मे?
बाप्पा! नवतपात लग्न ठेवून राहिले तुम्ही?
डांबरात चप्पल रुतते त्या दिवसांत,
कूलरमधूनही गरम वाफ येते,
आणि पाहिजे चार मजली, वरून बटरक्रीम.

करून देईन मी. पैसेही घेईन.
पण मोहननगरातून हॉलवर पोचेपर्यंत
चौथा मजला तिसऱ्याच्या खांद्यावर मान टाकेल
आणि फोटोवाला म्हणेल,
मॅडम, या बाजूनं नको.

दोनच मजले करा.
आत संत्र्याच्या सालीचा मुरंबा,
मृग बहाराची सालं मी मार्चातच साखरेत घालून ठेवते.
वरून फाँडंट.
खात नाही कोणी ते, माहीत आहे मला,
सोलून प्लेटीच्या काठाला लावतात.
पण उभं राहते. मे महिन्यात तेवढं पुष्कळ.

फुलं माझ्या धंद्यातली नाहीत, तरी सांगते.
बुलडीला पहाटे पाचला जा, सातला नको.
बर्फातली ऑर्किड दाखवतील, बंगलोरची,
हात लावा, कौतुक करा, पुढे चला.
निशिगंध घ्या, मिटल्या कळ्यांचा.
दांड्या तिरप्या कापा,
रात्रभर बादलीत, वरून ओलं गोणपाट.
मोगरा फक्त केसांत,
स्टेजवर लावला तर जेवणं होईस्तोवर
गाळलेल्या चहापत्तीसारखा होतो.
केकवर खरं फूल पाहिजे तर गुलाब, औषध न मारलेला.
कण्हेर लावा असं कोणी म्हटलं
तर त्याला लग्नाला बोलावू नका.

तू गजभिये. हा साळवे.
सकाळी विहारात, संध्याकाळी चर्चमध्ये, असं ना?
मग दोन्हीकडची नवरी पांढऱ्यातच,
साडीचं एक भांडण वाचलं बघा.
फुलंही दोनदा घेऊ नका. तीच न्या,
ओल्या फडक्यात, ऑटोत मांडीवर धरून.
अजून एकाही निशिगंधानं तक्रार केलेली नाही माझ्याकडे.

वरचा मजला वर्षभर जपून ठेवणार?
ठेवा.
आम्हीपण ठेवला होता, डब्यात, डब्यावर पिशवी, पिशवीवर दोरा.
जूनमध्ये दोन दिवस लाइट गेली.
वाढदिवसाला उघडला तर कडेनं हिरवी लव.
मी तिथेच फतकल मारून रडत बसले,
आणि आमच्या पॉलसनं चमचा घेतला,
मधलं मधलं खाल्लं,
म्हणाला, छान आहे की.
चार दिवस पोट धरून होता.
तो काय आत, अंडी फेटून राहिला. ऐकू कमी येते आता.

अंड्याचंच विचारायचं होतं. सगळ्यांना चालते?

तिच्या मोठ्या काकूला नाही चालत, म्हणतोस?
एक छोटा बिनअंड्याचा, वेगळ्या सुरीनं कापायचा.
लिहून घेतलं.
(हे तू सांगितलंस, तिनं नाही.
तेही घेतलं लिहून, दुसऱ्या वहीत.)

आता नावं. माझ्या अंदाजानं नाही लिहिणार मी,
मागच्या डिसेंबरात एका नवऱ्याचं नाव चुकलं,
त्याची आई अजून बोलत नाही माझ्याशी.
हा कागद. तू तिचं लिही, तिला तुझं लिहू दे.

त्रिशाला.
शहामृगाचा श रे, पोटफोड्या नाही.
काय झालं मग, खोड.
पेन आहे, कागदही आहे,
केकवर खोडता येत नाही म्हणून तर आत्ता विचारून राहिले.

हजार रुपये ॲडव्हान्स. पावती घेऊन जा.
आणि बाहेर निघताना डोक्याला काहीतरी बांधा दोघंही,
मार्चातच हे असं आहे.