पहाटे साडेचारची खिडकी

डंडीत अजून रात्र आहे.
ताडोबाच्या बुकिंगची खिडकी तिकडे दहाला उघडणार,
म्हणजे माझ्या घड्याळात साडेचार.
लॅपटॉप, निवलेला चहा, तिघांचे पासपोर्ट,
आणि फ्रिजवर ईवनच्या हातची यादी:
दुर्बीण, ग्रेगरकडून उसनी.
मातकट शर्ट. टोप्या. मलेरियाच्या गोळ्या.
लाल काही नको,
खाली दोन रेघा मारल्यात.

एप्रिलच हवा, तो म्हणतो.
पानगळ झालेली असते, पाणी आटलेलं,
वाघ तळ्यावर येतोच.
त्याने वाचलंय सगळं.
एप्रिलमध्ये मोह गळतो, हे कुठे लिहिलेलं नसावं.

मोहर्ली गेटपासून माझं गाव सायकलने पाऊण तास.
अठरा वर्षं राहिले तिथे, वाघ पाहिला नाही.
तो पाहायचा नसायचाच, ऐकायचा असायचा.
वानर खेकसलं की माय
चुलीतलं लाकूड पुढे सरकवायची,
आणि कुणी काही बोलायचं नाही.
नाव तर घ्यायचंच नाही.
मामा म्हणायचं, नाहीतर नुसतं 'तो'.

परवा दिगांबरला फोन केला, तर हसत सुटला.
"काऊन वं बाई, पैसे देऊन वाघ पायते का?
जागलीले ये माह्यासंगं धुऱ्यावर,
फुकट दाखवतो."
मग जरा थांबून,
"लेकीले नको आणू पण धुऱ्यावर."

फॉर्म विचारतो, राष्ट्रीयत्व.
खाली आपोआप दर बदलतो.
परदेशी पर्यटक, प्रौढ, दोन. मूल, एक.
बरोबरच आहे म्हणा.

मोठीमाय जंगलात गेली,
एवढंच ईवनला सांगितलंय.
खोटं नाही ते.
कशी, हे त्याने विचारलं नाही.
इकडची माणसं अशा वेळी किटली चढवतात.

भागरता तिचं नाव. टोपली अर्धी भरली होती.
मोह वेचायला वाकावं लागतं,
आणि वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही,
असं बा म्हणायचा.
"चुकला तो," एवढंच म्हणायचा,
शेजाऱ्याचा बैल आपल्या वावरात शिरल्यासारखं.
फॉरेस्टवाल्यांनी चेक दिला.
मोठीमायला पोर नव्हतं,
चेक बाच्या नावावर आला.
त्यातून विहिरीचं इंजिन, दिगांबरची दहावी,
उरलं त्यात माझं नर्सिंग,
नर्सिंगवर हे नाईनवेल्स हॉस्पिटल,
रात्रपाळ्या, ईवन, कर्स्टी, हे स्वयंपाकघर.
हिशेबच मांडायचा तर
मला इथे त्यानेच पाठवलं.
आता परदेशी दराने
भेटायला चाललेय.

गेल्या रविवारी ब्रॉटी फेरीच्या वाळूत
कर्स्टी शिंपले वेचत होती, पार वाकून,
केसांची शेपटी पुढे लोंबलेली, पाठ आभाळाकडे.
मी ओरडले, सरळ उभी राहा!
मराठीत ओरडले.
कुत्रं फिरवणारे एक आजोबा थबकले.
ती उठली, मुठीत ओली वाळू,
"व्हॉट, मम?"
काही नाही म्हटलं.
थंडी आहे म्हटलं.

चार एकतीस.
सकाळची फेरी, सहा जागांची जिप्सी, तीन शिल्लक.
बोटं कापताहेत, हीटर अजून लागलेला नाही.
शेवटी एक चौकोन:
वाघ दिसेलच याची हमी देता येत नाही.
मान्य आहे?
हे वाक्य मी दोनदा वाचलं.
इतकं खरं बोलणारा फॉर्म
या देशातही मला कधी भेटला नव्हता.
खूण केली.

जिना करकरतो. कर्स्टी, एका पायात मोजा.
"मिळाला का तो?"
जागा मिळाली, मी म्हणते. त्याचं तो ठरवेल.
"वाघ," ती म्हणते. सराव करतेय,
घ चांगला घोटून.
मी तोंडावर बोट ठेवते. तिकडे मामा म्हणायचं.
"अंकल?" तिला हसू आवरत नाही.
"माझा अंकल दिगांबर आहे."
तोही मामा, मी म्हणते.

मग दुसरा मोजा शोधायला
ती टेबलाखाली वाकते.
मी उठून दिवा लावते.