एकशे आठ टाके

माझं दुकान सीट कव्हरचं,
नंदुरबारात, मैदानाच्या भिंतीला पाठ टेकून.
दिवाळी सरली की शिरसाठ सर टेबलावर पिशवी ओततात:
बेसबॉलचे चौदा चेंडू, पोटं फाटलेले, आतली लोकर लोंबणारे.
"उखाभाऊ, नवे परवडत नाहीत. हंगाम काढायचाय."
लाल दोरा, दोन सुया, मोजून टाकतो.
एकशे आठ.
आई माळ ओढायची तिचे मणीही तेवढेच.
असती तर म्हणाली असती,
मंग तू बी जपच करी राहिना ना रे.

खेळ मला कळत नव्हता.
चेंडू कळायचे.
गुमान पावराचा एकाच जागी झिजलेला,
टाक्यांना लागून दोन बोटांची जागा.
धडगावकडचा पोरगा, डावखुरा,
डाव्या हाताने जेवतो म्हणून आश्रमशाळेत छडी खाल्लेला.
तोच हात आता सर उलटसुलट करून बघतात
कोंबडीखालचं अंडं बघावं तसा.
ताहेर मन्सुरीचा मातीने माखलेला, तो जमिनीलगतचं उचलतो.
हेमकांत गिरासेचा ओळखूच येत नाही,
त्याच्याकडे चेंडू येतो आणि नुसता थांबतो.
सर म्हणतात, असं काही नसतं हो,
सगळे चेंडू सगळ्यांचेच.
मी मान हलवतो.

डिसेंबरात मैदानापलीकडे मिरचीची पथारी,
नजर पुरेल तिथवर लाल.
एक फटका ताहेरच्या डोक्यावरून गेला, नेमका तिथे.
पोरगा भिंतीवरून उडी टाकून आत घुसला,
लालात लाल टाक्यांचं काही शोधत राहिला,
तोवर तिघं धावून घरी पोचलेले.
परत आला डोळे चोळत, शिंकत, हसत,
चेंडू वर धरून, जिंकल्यासारखा.
तो मी शिवला त्या रात्री
बायकोने मला घास भरवला.

धुळ्याला हरले.
अमळनेरला जिंकले, गुमानने अकरा जण बाद केले,
सर फोनवर ओरडत होते, मागे एसटीचा हॉर्न.
मी लिहीत गेलो कॅलेंडरच्या पाठीवर:
कोण किती वेळा घरी पोचला, कोण वाटेत राहिला.
बायको म्हणे, उधारी लिहा की कधी एवढ्या मनाने.

फेब्रुवारीत हेमकांत आला, लंगडत.
"काका, फोम आहे का थोडा? पॅडात घालायला."
बुलेटच्या सीटचा तुकडा उरला होता.
पैसे विचारले, म्हटलं, राज्याच्या संघात गेलास की दे.
गंमतीने म्हटलं होतं.
माझी पैज गुमानवर होती.

मार्चमध्ये यादी आली.
आपल्याकडचं एकच नाव.

गुमानच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून.
त्याच्या वर्गात एकोणीस पोरांची एक जूनच,
मास्तरांनी एका दमात लिहिलेली.
आधारवर साल वेगळं, दाखल्यावर वेगळं.
निवड करणाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले
आणि हात बघितलाच नाही.
ताहेर? ताहेर चांगला होता.
चांगले पुष्कळ होते.

एप्रिलभर मैदानात कुत्रीसुद्धा नाहीत.
गुमान दुकानात येऊन बसतो, बोलत नाही.
एके दिवशी सुई मागितली.
डाव्या हाताचा टाका उलट्या अंगाने पडतो,
चेंडू बघून मलाच घेरी आल्यासारखं झालं.
मोजले, एकशे सहा.
उसवायला कात्री उचलली,
ठेवली.

परवा हेमकांतचा फोन, शिबिरातून.
जेवण बरं आहे, गुडघा बरा आहे, पैसे देतो.
मग हळूच: "काका, इथं चेंडू फाटला की टाकून देतात."
"रोज किती?"
"आठ-दहा तरी."
"गोळा कर," मी म्हटलं, "येताना घेऊन ये."
बोलता बोलता शेजारी बघितलं,
दोरा ओला करून
गुमान दुसरी सुई ओवत होता.